शिवपुत्राची सीट, दाक्षायणीचं माप

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… व्हय, सिद्रामप्पा. सायकलीच्या सीटा करणारा सिद्रामप्पा, दुसरा कोण न्हाय… अकलूज? अकलूजहून ट्रंककॉल?… द्या की बाई, जोडून द्या. पळतच आलोय.

पळत म्हणजे नऊ पावलं. नवी पेठेत चन्नवीरचं चादरींचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या ओट्याला लागून सिद्रामप्पांचं पोतं अंथरलेलं. चन्नवीरकडे फोन होता आणि सिद्रामप्पांकडे हातोडी, आरी, रापी. त्यामुळे पंचवीस वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. फोन आलाय म्हटल्यावर माणूस टोपी घालतो, सदऱ्याचं बटण लावतो. सिद्रामप्पांनी भिंतीच्या खिळ्याला टांगलेली एक जुनी कातडी सीट काढून काखेत मारली आणि आले. का आणली, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. गेले दोन महिने त्यांना बऱ्याच गोष्टी सांगता येत नव्हत्या.

हॅलो… हां, आलं ऐकू… कोण?… कोण म्हणालीस?

सिद्रामप्पांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. पलीकडे दाक्षायणी होती, त्यांच्या धाकट्या भावाची, शिवपुत्राची बायको. एकोणीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन घरात आली, त्या दिवसापासून थोरल्या दिराशी ती एक अक्षर थेट बोललेली नव्हती, आणि तेही तिच्याशी. घरातली रीतच तशी. सिद्रामप्पा अकलूजला गेले की उंबऱ्यात खाकरायचे, ती डोईवरचा पदर पुढे ओढायची. मग 'अव्वा, त्यांना च्या पाहिजे का विचारा' आणि 'अव्वा, तिला म्हणावं नको', अशी समोरासमोर बसलेल्या दोन माणसांची सगळी बोलणी म्हाताऱ्या आईच्या तोंडून चालायची.

अव्वाला दे… म्हणजे, अव्वाला द्या म्हणावं फोन… घरी हाय?… मग तितं दुसरं कोण न्हाय का? डेअरीचा शिपाई-बिपाई?… पोस्टात हायेस होय. एकटीच… थांब जरा. ए चन्नवीर, हिकडं ये बे. हे धर. तिकडनं आमची भावजय बोलती. ती काय म्हणती ते तू मला सांग, आन् मी काय म्हणतो ते तिला सांग… आरं, धर की!

चन्नवीरने धरला, ऐकला, 'व्हय अक्का, व्हय अक्का' म्हणाला आणि रिसीव्हर परत देऊन गादीवर जाऊन बसला. तिथे त्याने एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली.

काय म्हणाली ते तरी सांगशील का… हॅलो. हां. मीच हाय… व्हय, तीनच मिनिटं असत्यात, ठाव हाय मला… बोल की मग. तू बोल. मी भिताडाकडं तोंड करतो, म्हणजे झालं.

आणि खरोखरच ते वळले. भिंतीवर गिरणीचं कॅलेंडर होतं. त्यावरच्या बाईलाही डोक्यावर पदर होता, त्यामुळे अडचण आली नाही.

सीट… व्हय, सीट. अव्वाच्या नावानं धाडलेलं कार्ड मिळालं की तुझं. तिन्ही मिळाली… मी उलट टपाली लिवलं व्हतं ना, काम चालू हाय म्हणून… चालूच हाय… आता झालंच म्हण की. वाळतंय… गच्चीवर. उन्हात ठिवलंय. सोलापूरचं ऊन म्हणजे तुला ठावच… काय?… सावलीत?

…व्हय. सावलीतच वाळवायचं असतंय. उन्हात तडकतंय… पण हे तुला कुणी सांगितलं?

…हां. त्यानंच सांगितलं असणार.

शिवपुत्र, सिद्रामप्पांच्या तोंडी 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, अकलूजला एका दूध संस्थेत होता. पहाटे सायकलवर वस्तीवस्तीला जायचं, दुधाचे नमुने बाटल्यांत भरायचे, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि आठच्या आत डेअरीत आणून द्यायचे, एवढं त्याचं काम. दोन महिन्यांपूर्वी पाटाच्या कडेला त्याने सायकल स्टँडवर लावली, बाटल्यांची पिशवी हँडलला अडकवली, बाभळीखाली बसला आणि उठला नाही. एकही बाटली फुटली नव्हती, असं डेअरीच्या साहेबाने मातीला आल्यावर दोनदा सांगितलं. सिद्रामप्पा चार दिवस राहून परत निघाले, तेव्हा अव्वाने सायकलवरून सोडवलेली सीट आणि सुनेचा निरोप एकदमच हातात ठेवला: 'ती म्हणती, माझ्या मापाची करून द्या.' सिद्रामप्पांनी मान हलवली, सीट आणली, खिळ्याला टांगली आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसले.

ते रडले नाहीत. चाकात हवा आहे का बघतात तसं एकदोनदा आत दाबून बघितलं. काही लागलं नाही. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे 'लांब गेलं की बसून बसून बधिर होतंय' हीच तक्रार घेऊन यायची, आणि त्यावर त्यांचा हमखास इलाज होता. सीटच्या मधोमध चार बोटं लांब चीर मारायची. स्वतःच्या बाबतीत चीर कुठे मारायची, ते त्यांना समजेना. म्हणून ते लोकांच्या सीटा करत राहिले. दोन महिन्यांत इतकं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि गिऱ्हाइकं खूश होती.

न्हाय… न्हाय केलं. खोटं बोललो… गच्चीवर न्हाय, हितं हाय. काखेत… माझ्याच काखेत, आन् कुणाच्या?… आत्ता ह्या घडीला… हात बी लावला न्हाय. तेल सुदिक न्हाय लावलं… कारण काय असायचं? कामं असत्यात… व्हय, दोन म्हैनं झालं… ऐक की, तुला घाई कसली एवढी?… सोमवारी? ह्या सोमवारी?

आज बेस्तरवार की गं.

…साहेब काय म्हणतोय?… अकरा वस्त्या, आठच्या आत. बाईमाणसाला जमंल का म्हणून एक दिस बघणार… आन् न्हाय जमलं तर?… कुणाला?… साहेबाच्या मेव्हण्याला? त्याला सायकल येती का?… फटफटी हाय. मग काय, झालंच… न्हाय न्हाय, तसं न्हाय म्हणालो. नोकरी तुलाच मिळाली पायजे. पोटाचा प्रश्न हाय, अव्वा हाय… तुला सायकल येती?

…येती. बरं.

दांडीवरनं पाय कसा टाकतीस पण, लुगड्यात?… कापली? दांडी कापली? तम्माच्या सायकलीची?… वेल्डिंगवाल्याकडनं. खाली वाकडी लावून घेतली… मला कुणी कळवलं न्हाय ते… न्हाय, बराबरच हाय. लुगडं फाडत बसायचं का रोज? बराबर केलंस. सायकल हाय, देव्हारा थोडाच हाय.

'देव्हारा थोडाच हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं आणि काखेतली सीट त्यांनी जरा आणखी आवळली.

मग आता कशावर बसतीस?… शेजाऱ्याची, रेक्झिनची. ती कसली सीट गं, ती उशी… मग?… काय झालं?… कुटं?

…बरं, बरं. नको सांगू. कळलं मला. माझा धंदाच हाय तो… रगत?… खोबरेल लाव. आन् त्या रेक्झिनवर बसू नको परत.

ऐक आता. माझ्याकडं एक सीट हाय. बायकांचीच. एक मडम जाताना टाकून गेली व्हती, रुंद, बुटकी, खाली दोन स्प्रिंगा मनगटाएवढ्या. खड्ड्यातनं गेलीस तर वर उडशील, पण खाली येताना कळायचं न्हाय… नको? मखमलीचं कव्हर शिवून देतो. जांभळं. झालर लावून… झालर नको. बिनझालरीचं… आगं, मग कोरी नवी देतो. उद्याच यष्टीत टाकतो, कंडक्टर माझ्या वळखीचा हाय…

तीच पायजे.

…तीच का पण? त्याचं दुसरं काय कमी हाय का घरात? कोट हाय, चपला हायेत… व्हय, चपला मोठ्या होणार तुला. कोटबी… व्हय, ती बॅटरी अव्वा वापरती… म्हणजे तुझ्या उपेगाचं एवढंच राहिलं म्हण की.

चन्नवीरच्या दुकानात अक्कलकोटकडच्या दोन बायका चादरी बघत होत्या. त्यातल्या थोरलीने चादर पसरायची खूण केली, पण डोळे तिचे फोनकडे होते. चन्नवीरनेही पसरायची घाई केली नाही.

तुला कळत न्हाय गं, दाक्षायणी. ही साधी सीट न्हाय. विलायती कातडं हाय. जुन्या बाजारातनं आणली तवा फळकुटासारखी व्हती, हिच्यावर बसण्यापरास चालत गेलेलं बरं. मी हिच्या दोन्ही बाजूंच्या लोंबत्या पाखांना खालनं भोकं पाडली, वादीनं आवळली, नाक आखूड केलं, तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. बावीस वर्सं झाली. माझं काम तेवढंच. बाकीचं त्यानं केलं, बसून बसून. डाव्या अंगाला खळगा जास्ती हाय बघ हिला. तालमीत कंबर लचकली तवापासनं डावीकडं कलूनच बसायचा त्यो. दुसरा कोण बसला तर सरळ गटारातच जाईल… आता तुझ्या मापाची करायची म्हणजे पयलं हिला पाण्यात घालायची. तासभर. आन् कातडं पाण्यात गेलं, की समदं सोडतंय. खळगा उठतोय. मऊ होतंय, सपाट होतंय, मग आपण दाबू तसं बसतंय. मागनं हितं कोण बसलं व्हतं ते बरमदेवाला बी सांगता यायचं न्हाय… म्हणून न्हाय केलं.

दोन महिन्यांतलं हे त्यांचं सगळ्यांत लांब भाषण. ते त्यांनी कॅलेंडरकडे बघून, वार-तिथी वाचून दाखवावी तसं केलं.

हॅलो?… हायेस न्हवं?… आता रडू नको बघ, पोस्टात लोकं असतील… रडत न्हाय? मग कसला आवाज येतोय?… हसतीस?

…हसण्यासारखं काय बोललो मी?

…कुणी?… तम्मानं? तुला? सायकल?… कवापासनं?… चार वर्सं! आन् कुटं?… पाटाच्या कडंनं, उजाडायच्या आत… अव्वाला ठाव हाय हे?… अव्वा दारात राखणीला बसायची?

म्हणजे समद्या घराला ठाव. फकस्त मला न्हाय… व्हय, मी थोरला पडलो. मला सांगणार कोण, आन् कुणाच्या तोंडून सांगणार. सांगायचं तर अव्वानंच, आन् ती तर राखणीला… मी आलो की एवढा पदर ओढायचीस, मला वाटायचं हिला उंबरा तरी दिसतो का न्हाय. आन् पहाटं सायकल!

आन् त्यो काय करायचा?… मागं पळायचा… सीट धरून… मागली कड धरून. व्हय, तसंच शिकवत्यात… आन् हात सोडला तरी 'धरलंय, धरलंय' म्हणून वरडत पळायचा… लबाडच व्हता त्यो. लहानपणापासनं… पडलीस का कवा?… दोनदा. पाटात?… पाणी व्हतं का पाटात?… मग ठीक.

थांब. थांब जरा, बोलू नको.

त्यांनी काखेतली सीट काढून चन्नवीरच्या गल्ल्यावर पालथी घातली. मागच्या रुंद कडेखाली बोटं फिरवली. तिथे चार ठिकाणी कातडं काळं, गुळगुळीत झालं होतं, घोटून काढल्यासारखं. खिळ्याला टांगताना ते त्यांना दिसलं होतं आणि कॅरिअरचं घासलं असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. कॅरिअर चार बोटांचं नसतं, हे सोलापुरातल्या पहिल्या नंबरच्या सीटवाल्याला कळू नये? त्यांना धंद्याच्या दृष्टीने वाईट वाटलं. निदान काहीतरी वाटलं.

उजव्या हातानं धरायचा का?… व्हय. हाय हितं. चार बोटांचं हाय… अंगठा वर यायचा, त्येचं काय उमटत न्हाय… म्हणजे हिच्यावर तू बी बसलीस की गं. चार वर्सं… व्हय, तू म्हणतीस ते बराबर हाय. पळून पळून दम गेला त्याचा, ते काय सीट खिळ्याला टांगायला का?… असं त्यो म्हणाला असता? व्हय, असंच म्हणाला असता. वर आणखी दोन शिव्या दिल्या असत्या मला, कन्नडात.

हां, काय?… बाई आली मधे. तीन मिनिटं झाली म्हणती… वाढवून घे म्हणावं. वाढवलीस?… बरं.

आता मग माप लागंल.

हे बोलून सिद्रामप्पांनी चन्नवीरकडे बघितलं. पंचवीस वर्षांत त्यांनी पोस्टमन, पेपरवाले, गिरणीतले जॉबर, एक मुनसफ अशा शेकडो लोकांची मापं घेतली होती. बाईमाणसाचं माप त्यांनी घेतलेलं नव्हतं, आणि भावजयीचं, तेही ट्रंककॉलवर घ्यायचं, ह्याची रीत त्यांच्या घराण्यात कुणी घालून दिलेली नव्हती.

चन्नवीर, तू जरा भाईर जा… आरं, दुकान तुझं हाय म्हणूनच तुला सांगतोय. माझं असतं तर मी गेलो असतो… हॅलो. ऐक. आता असं करायचं. एक परात घ्यायची. घरातली मोठी. तिच्यात वाळू भरायची, ओली करून. दाबून सारखी करायची. आन् मग त्यावर… आपलं… टेकायचं. परातीवर… जोरानं टेकायचं, आन् पाय वर… पाय वर उचलायचं. मग उठायचं सरळ, हात न लावता. तर वाळूत दोन खळगे पडलेले असत्यात…

अक्कलकोटच्या बायकांनी चादर खाली ठेवली होती. धाकटी तोंडाला पदर लावून खांबाकडे वळली. चन्नवीर बाहेर गेला नव्हता.

…काय? घेतलंयस? आधीच?… परातीत न्हाय, अंगणात. अव्वानं वाळू भिजवली… मग मला बोलू कशाला दिलंस एवढं? हितं निम्मी पेठ गोळा झाली… हसू नको. सांग. दोन खळग्यांच्या मधलं अंतर सांग… पाटलीएवढं? पाटली मोडून तीन बोटं वर, असं का?… पाटली सोडून तीन बोटं. कुठली पाटली?

…हां. काढून डब्यात ठिवलेली.

…बरं.

…मोजायला घेतली, परत ठिवली. बरं केलंस… न्हाय, दुसरं माप नको, पाटलीचं माप ठाव हाय मला. दोन-चारची. मीच आणली व्हती की तुमच्या लग्नात, ह्याच पेठेतनं. मनगटाचं माप अव्वानं सुतळीला गाठ मारून धाडलं व्हतं… बोटं तुझी का अव्वाची?… तुझी. आडवी… हां. म्हणजे मागनं रुंद लागंल. पाखं मोकळी करावी लागतील. नाक अजून आखूड करतो, लुगडं अडकायचं न्हाय. आन् मधे चीर मारतो, अकरा वस्त्या म्हणजे लांब हाय.

डावीकडचा खळगा न्हाय राहणार… तुला ठाव हाय. बरं.

चन्नवीर, बादली हाय का रं? दारात पाणी मारतोस ती… भरून आण. कोमट लागतं खरं तर… सोलापुरात नळाचं पाणी काय, कोमटच असतंय. आण तसंच.

न्हाय, मागनं न्हाय. आत्ताच घालतो. फोन ठिवल्यावर माझ्या हातनं व्हायचं न्हाय, दोन म्हैनं बघितलंस की. तू तिकडं हायेस तवर घालतो. मग उद्या ठोकतो, शनवारी सावलीत, रविवारी पयल्या यष्टीला कंडक्टरच्या हातात. सोमवारी तुझ्या सायकलीवर… व्हय. बोल तू काय बी. न्हाय बोललीस तरी चालंल. फकस्त ठिवू नको.

चन्नवीरने बादली आणून स्टुलावर ठेवली आणि कुणी न सांगता दोन पावलं मागे सरला. सिद्रामप्पांनी रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मधे धरला. दोन्ही हातांत सीट घेतली. क्षणभर ती पाण्यावर तशीच धरली, आणि मग, रोज चार सीटा भिजवणारा माणूस भिजवतो तशीच, आत घातली.

घातली… तरंगती. पयल्यांदा तरंगतीच, दाबून धरावी लागती… धरलीय. एका हातानं धरलीय… बुडबुडे यायलेत… व्हय, येतात. कातड्यात बारीक बारीक जागा असती, तिच्यात हवा बसलेली असती. ती निघती… डाव्या अंगानं लई येतायत… अजून यायलेत… न्हाय, मी कवा मोजले न्हाईत… काय करायचंय?

ऐकायचंय?… ह्याच्यात काय ऐकायचं… बरं. थांब. फोन खाली धरतो.

उजव्या हाताने सीट पाण्याखाली, डाव्या हातातला रिसीव्हर पाण्याच्या वर चार बोटांवर, असे ते स्टुलाशी वाकून उभे राहिले.  बाहेर टांगा गेला, रिक्षाने हॉर्न दिला. बारीक आवाज येत होता, तव्यावर थेंब पडल्यासारखा, मधेच थांबून पुन्हा. शेकडो सीटा भिजवल्या, पण हा आवाज असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

ऐकलंस?… हॅलो?… हॅलो, दाक्षायणी?

लाईन गेली होती. केव्हा गेली, हे कळायला मार्ग नव्हता. चन्नवीरने रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. सिद्रामप्पांनी दिला नाही. दुसरा हातही पाण्यातून काढला नाही.

हॅलो… हां, अजून हायेत… तीन-चारच… एक आला… आणखी एक…

थांबले बघ.